हातकणंगले ते कोल्हापूर, व्हाया लंडन

हातकणंगले हे नाव परगावच्या माणसाला सहसा एका दमात म्हणता येत नाही. लग्नानंतर आमच्या सौभाग्यवती पहिल्यांदा माझ्या आजोळी निघाल्या, तेव्हा पुण्याच्या तिकीट-खिडकीपाशी त्या ‘हात’पर्यंत व्यवस्थित गेल्या आणि पुढे अडखळल्या. रांगेत मागे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी उरलेले नाव पुरे करून दिले. चौकशी करता गृहस्थ इचलकरंजीचे निघाले. त्यात नवल काहीच नव्हते. इचलकरंजीला स्वतःचे रेल्वे स्टेशन नाही. तिथल्या माणसाला आगगाडीने कोठेही जायचे म्हणजे आधी आठ-दहा किलोमीटरवरच्या हातकणंगल्याला यावे लागते.

हातकणंगल्याचे हे असेच आहे. गाव तालुक्याचे, पण तालुक्यातली मोठी नावे सगळी दुसऱ्यांची. यंत्रमागांची इचलकरंजी या तालुक्यात. चांदीच्या दागिन्यांचे हुपरी या तालुक्यात. कर्मवीर भाऊराव पाटील १८८७ साली ज्या कुंभोजात जन्मले ते कुंभोज, त्याच्या शेजारचे बाहुबली हे जैनांचे क्षेत्र आणि आळत्याच्या डोंगरातले रामलिंग, हे सारे याच तालुक्यात. खुद्द हातकणंगल्याच्या वाट्याला आल्या कचेऱ्या, बाजार, उसाने लादलेले ट्रॅक्टर आणि स्टेशन. लोक येथे येतात ते सहीशिक्क्यासाठी, नाहीतर गाडी पकडण्यासाठी.

माझे मामा यांपैकीच एका कचेरीत कारकून होते. आज त्यांचे वय ब्याण्णव आहे. दात गेले, कान निम्मे गेले, पण नोकरीतली एक सवय गेलेली नाही. कोणतीही गोष्ट कागदावर नसेल तर ती घडली यावर मामांचा विश्वास बसत नाही. म्हणून गेल्या फेब्रुवारीत त्यांचा फोन आला, तेव्हा मी जरा चकितच झालो.

“ये दोन दिवस. कोल्हापूरला जायचंय. अण्णाची वही दाखवायची आहे.”

अण्णा म्हणजे मामांचे थोरले बंधू. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षे झाली. तरुणपणी ते शिकायला कोल्हापुरात होते आणि तेथल्या एका पेठेतल्या तालमीच्या संघातून फुटबॉल खेळत. ज्यांनी कोल्हापूर पाहिलेले नाही त्यांना तालीम आणि फुटबॉल ही जोडी विचित्र वाटेल. परंतु तेथे ज्या तालमीत पहिलवानांनी माती अंगाला लावली, त्याच तालमीच्या नावाने पोरे चेंडूमागे धावतात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावे घ्या, की कोल्हापूरचा माणूस आधी आपली पेठ सांगतो आणि मग आपले नाव.

तर अण्णांच्या तालमीने जुन्या खेळाडूंच्या नावांची एक पाटी भिंतीवर लावायचे ठरवले होते. ज्यांचे कोणी खेळले असेल त्यांनी पुरावा घेऊन यावे, असा निरोप फिरला. कात्रण, प्रशस्तिपत्र, छायाचित्र, काहीही चालेल. आमच्याकडे यांतले काहीच नव्हते. अण्णा खेळले ते १९४२ ते १९४५ या काळात. महायुद्ध चालू होते, कागदाचा तुटवडा होता आणि वर्तमानपत्रांची पाने घटली होती. त्या पानांत पेठेच्या सामन्याला जागा कोण देणार? राहिली होती ती एक वही. पुठ्ठ्याच्या बांधणीची, हिशेबाची. तिच्या पहिल्या निम्म्या भागात अण्णांनी आपला प्रत्येक सामना लिहून ठेवला होता आणि प्रत्येकासमोर तांबड्या पेन्सिलीने एकच शब्द होता : ‘लढाईतला’.

वहीच्या मागच्या निम्म्या भागात मात्र पेठही नव्हती आणि तालीमही नव्हती. तेथे डेनिस कॉम्प्टन होता.

*

सकाळी आम्ही स्टेशनावर आलो. मामांनी वही फडक्यात बांधून छातीशी धरली होती. कोल्हापूर-मिरज हा लोहमार्ग १८९१ सालचा, कोल्हापूर संस्थानच्या काळातला. अण्णांच्या वेळी येथे मीटरगेजची धाकटी गाडी चाले आणि मुंबईला जायचे तर पुण्यास उतरून गाडी बदलावी लागे. मार्च १९४५ मध्ये अण्णा असेच याच फलाटावरून मुंबईला गेले, एका कचेरीत नोकरीच्या मुलाखतीसाठी. ते कचेरीत पोहोचलेच नाहीत. ब्रेबोर्न स्टेडियमवर मुंबई आणि होळकर यांचा रणजी करंडकाचा अंतिम सामना चालू होता, आणि होळकरांकडून एक इंग्रज खेळणार होता. त्याला पाहायला अण्णा गेले आणि सामना संपेपर्यंत तेथेच बसले.

“घरी आल्यावर वडिलांनी काय केलं?” मी विचारले.

“ते वहीत नाही,” मामा म्हणाले.

डेनिस कॉम्प्टन हे नाव क्रिकेटच्या रसिकांना नवे नाही. ७८ कसोट्या, १७ कसोटी शतके आणि १९४७ च्या एकाच इंग्लिश मोसमात ३८१६ धावा व अठरा शतके करणारा हा खेळाडू. ब्रिलक्रीमच्या जाहिरातींतला त्याचा चापूनचोपून बसवलेला केसांचा भांग आपल्याकडेही पुष्कळ तरुणांनी आरशासमोर उभे राहून उचलला. परंतु हा कॉम्प्टन हिवाळ्यात काय करीत असे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. हिवाळ्यात तो लंडनच्या आर्सेनल क्लबाचा फुटबॉलपटू होता. डावीकडून धावणारा आघाडीचा खेळाडू. त्याच्या आयुष्यातली हीच बाजू अण्णांनी मिळेल तेथून टिपून ठेवली होती.

गाडी सुटली. खिडकीतून ऊस मागे पळू लागला. काही फडांत तोड चालू होती, काही ठिकाणी नुसता पाचटाचा बिछाना उरला होता. मामांनी फडके सोडले.

कॉम्प्टनचा जन्म १९१८ चा. १९३९ च्या सप्टेंबरात युद्ध पुकारले गेले तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. फुटबॉलपटूचे खरे वय तेच. इंग्लंडच्या फुटबॉल लीगचा मोसम नुकताच सुरू झाला होता. बहुतेक संघांचे तीन-तीन सामने झाले होते. लीग बंद झाली आणि ते सामनेही हिशेबातून पुसून टाकले गेले. आर्सेनलचे हायबरीचे मैदान हवाई हल्ल्यांपासून बचाव करणाऱ्या पथकांकडे गेले. मग आर्सेनलने आपले सामने कोठे खेळावेत? तर टॉटेनहॅमच्या मैदानावर, म्हणजे सात जन्मांच्या वैऱ्याच्या दारात! कोल्हापूरकरांना ही अडचण अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

खेळ मात्र थांबला नाही. तात्पुरत्या स्पर्धा उभ्या राहिल्या. खेळाडू सैन्यात भरती झालेले, आज एका छावणीत तर उद्या दुसऱ्या. म्हणून ज्याची छावणी ज्या गावाजवळ, त्याने त्या गावच्या क्लबाकडून पाहुणा म्हणून खेळावे, अशी सोय झाली. १९४१ च्या फेब्रुवारीत आर्सेनलने क्लॅप्टन ओरिएंटचा पंधरा विरुद्ध दोन असा धुव्वा उडवला. त्यात डेनिसचा थोरला भाऊ लेस्ली याने एकट्याने दहा गोल केले. हे दोघे भाऊ एकाच संघात. अण्णांनी लेस्लीच्या नावाखाली दोन रेघा ओढल्या आहेत.

त्याच वर्षी १० मे रोजी वेम्ब्लीवर युद्धकालीन चषकाचा अंतिम सामना झाला. समोर प्रेस्टनचा संघ होता आणि सुमारे साठ हजार प्रेक्षक होते. लेस्लीने पेनल्टी मारली ती खांबाला लागून फुकट गेली. पुढे प्रेस्टनच्या गोलाची फेड डेनिसने केली आणि सामना बरोबरीत सुटला. लोक घरी गेले. त्या रात्री जर्मन विमानांनी लंडनवर अतिशय भयंकर हल्ला चढवला. पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहाची त्यात राख झाली. तीन आठवड्यांनी पुन्हा झालेल्या सामन्यात प्रेस्टन जिंकले.

“साठ हजार माणसं,” मामा म्हणाले. “वर विमानं यायची भीती. तरी साठ हजार.”

*

रुकडी गेले आणि गाडी पंचगंगेच्या पुलावर आली. फेब्रुवारीतली पंचगंगा अगदी शहाण्या मुलीसारखी असते. हीच बया आषाढ-श्रावणात या गाड्यांना दिवसच्या दिवस अडकवून ठेवते, हे तिच्याकडे पाहून खरे वाटत नाही.

पुलापलीकडे वळिवडे. अण्णा मुंबईहून परत आले त्या दिवशी गाडीच्या खिडकीतून त्यांना येथे गोऱ्या मुलांचे घोळके दिसले असणार, कारण मामांनी स्वतः लहानपणी ते पाहिले आहेत. रशियात हद्दपार झालेली आणि तेथून सुटून इराणमार्गे आलेली पोलिश कुटुंबे १९४३ पासून १९४८ पर्यंत वळिवड्याच्या छावणीत राहिली. पाचएक हजार माणसे, बहुतांशी बायका आणि मुले. त्यांच्या शाळा, त्यांचे चर्च, त्यांची नाटके, सगळे येथे. ती गेली आणि फाळणीत घरदार गमावलेले सिंधी बांधव येथे आले. आज त्याला गांधीनगर म्हणतात, आणि लग्नाच्या बस्त्यासाठी तेथल्या कापडबाजारात जिल्ह्यातली कुटुंबे मोटारी भरून जातात. पोलिश लोकांनी मागे ठेवलेली स्मृतिशिळा कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पाहायला मिळते.

“बघ, त्यांनी दगड तरी लावला,” मामा म्हणाले आणि वहीचे पान उलटले.

या पानावर मँचेस्टर हे गाव होते. इचलकरंजीला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणण्याची चाल असल्यामुळे आमच्या तालुक्यात हे नाव मुलांनाही ठाऊक असते. १६ ऑक्टोबर १९४३ रोजी मँचेस्टरच्या मेन रोड मैदानावर इंग्लंडने स्कॉटलंडला आठ विरुद्ध शून्य असे लोळवले. मॅथ्यूज, कार्टर, लॉटन, हेगन आणि कॉम्प्टन, अशी इंग्लंडची आघाडीची फळी. लॉटनचे एकट्याचे चार गोल. यापेक्षा देखणी फळी इंग्लंडला पुन्हा क्वचितच मिळाली, असे म्हणणारे जाणकार पुष्कळ आहेत.

युद्धकाळात आणि युद्ध संपल्यावर लगेच झालेल्या अशा सामन्यांत कॉम्प्टन इंग्लंडकडून बारा वेळा खेळला. देशाकडून खेळणाऱ्याला टोपी देण्याची तिकडे चाल आहे. खेळाडूची किंमत टोप्यांवरून करतात. कॉम्प्टनच्या टोप्या किती? एकही नाही. युद्धकालीन सामने अधिकृत धरायचे नाहीत असा निर्णय झाला. मैदान खरे, चेंडू खरा, माणसे खरी आणि स्कॉटलंडचे आठ गोलांचे दुःखही खरे. खोटी फक्त तारीख.

मौज पुढेच आहे. भाऊ लेस्ली याला १९५० च्या नोव्हेंबरात वयाच्या अडतिसाव्या वर्षी इंग्लंडने पहिल्यांदा बोलावले आणि त्याला दोन अधिकृत टोप्या मिळाल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडकडून इतक्या उशिरा पदार्पण करणारा दुसरा खेळाडू नाही. डेनिसच्या हाती शांततेच्या काळात आर्सेनलबरोबर १९४८ चे लीगचे विजेतेपद आणि १९५० चा एफ. ए. चषक आला, टोपी मात्र आली नाही. १९३८ साली फुटबॉलमध्येच दुखावलेला गुडघा त्याला जन्मभर छळत राहिला. १९५५ मध्ये गुडघ्याची वाटी काढून टाकली. पुढच्याच वर्षी ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याच गुडघ्यावर उभे राहून त्याने ९४ धावा केल्या.

*

गूळ मार्केट गेले आणि कोल्हापूर आले. रिक्षात बसल्यावर मामा म्हणाले, “आता ब्रेबोर्नचं सांगतो. तिथं जाऊन काय बोलायचं ते त्यात आहे.”

लष्कराने कॉम्प्टनला १९४४ मध्ये हिंदुस्थानात धाडले. इंदूरजवळच्या महूच्या छावणीत तो शिपायांना कसरती शिकवी. इंदूरला होळकरांचा संघ, आणि संघाचे कर्णधार कर्नल सी. के. नायडू. त्यांनी हा कसरतमास्तर आपल्या संघात घेतला. अंतिम सामन्यात मुंबईच्या धावा ४६२ आणि ७६४. होळकरांच्या पहिल्या डावात ३६०. जिंकायला हव्या होत्या ८६७! विजय मर्चंटनी दुसऱ्या डावात २७८ केलेल्या, मुश्ताक अलीने दोन्ही डावांत शतके ठोकलेली. होळकरांचा दुसरा डाव ४९२ वर आटोपला आणि मुंबई ३७४ धावांनी जिंकली. एका बाजूने गडी पडत राहिले. दुसऱ्या बाजूला कॉम्प्टन शेवटपर्यंत २४९ वर नाबाद राहिला.

“आता ऐक,” मामांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. “लढाई इकडं पण होती. तरी रणजी चालू राहिली, आणि आपल्या लोकांनी ती वहीत धरली. त्या २४९ आजही त्याच्या नावावर आहेत. त्याच्या देशाचे बारा सामने त्याच्या नावावर नाहीत, पण परक्या मुलखातला हा एक आहे. का? तर इथल्या माणसानं लिहून ठेवलं म्हणून.”

कारकुनाचे तत्त्वज्ञान ते. पण मला त्याचे उत्तर सुचले नाही.

तालमीत जाण्याआधी आम्ही शाहू स्टेडियममध्ये थोडा वेळ सामना पाहिला. ऊन कलले होते, तरी गॅलरी भरत आली होती. आमच्या पुढे एक आजोबा नातवाला घेऊन बसले होते आणि पंचाच्या कुळाचा उद्धार करताना नातवाचे कान झाकीत होते. मामांनी त्यांच्याशी क्षणात सूत जमवले. बोलता बोलता गोष्ट भाऊसाहेब निंबाळकरांवर आली. कोल्हापुरात खेळाबद्दल दोन म्हातारे बोलू लागले की ती येतेच.

भाऊसाहेबही याच युद्धकाळाच्या पिढीचे. जन्म कोल्हापूरचा, १९१९ चा. १९३९-४० च्या मोसमात ते प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळू लागले. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठेवाडविरुद्ध महाराष्ट्राकडून त्यांनी नाबाद ४४३ धावा केल्या. भांडारकरांबरोबर दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागी झाली. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर आला होता. महाराष्ट्राच्या ८२६ धावा झाल्या होत्या आणि काठेवाडच्या संघाने मध्येच सामना सोडून दिला. ते मैदानावर परत आलेच नाहीत. भाऊसाहेबांची बारा शतके झाली, सरासरी अठ्ठेचाळिसाच्या घरात राहिली. अधिकृत कसोटी मात्र त्यांना एकही मिळाली नाही. २०१२ च्या डिसेंबरात ते कोल्हापुरातच वारले.

“त्यांचं निदान पुस्तकात तरी आहे,” ते आजोबा म्हणाले.

“आमचं वहीत आहे,” मामा म्हणाले.

*

तालमीच्या कार्यालयात एक पंचविशीतला तरुण बसला होता. त्याने उठून खुर्ची दिली. “बसा की आजोबा.” चहा आला. मामांनी फडके सोडले आणि वही टेबलावर ठेवली, पण हात तिच्यावरून काढला नाही.

तरुणाने पाने पाहिली. तारखा होत्या, समोरच्या संघांची नावे होती, गोल होते. दोन ठिकाणी ‘पावसामुळे अर्धा’ असेही होते. तो बराच वेळ वाचत राहिला. मग संकोचून म्हणाला, “आजोबा, हे सगळं त्यांनी स्वतःच लिहिलंय. दुसरं कुणाचं काही असतं तर बरं झालं असतं. उद्या कुणीही वही घेऊन येईल.”

तो चुकीचे बोलत नव्हता. मामांनी आयुष्यभर टेबलाच्या त्या बाजूला बसून लोकांना हेच सांगितले होते. मी त्यांच्याकडे पाहिले. आता कॉम्प्टन बाहेर निघणार, ब्रेबोर्न निघणार, अशी माझी अपेक्षा होती. पण मामांनी त्यांतले काहीच काढले नाही. त्यांनी वहीतले एक पान उघडून त्याच्यापुढे सरकवले.

“हा सामना वाच. निकाल काय लिहिलाय?”

“पाच विरुद्ध शून्य. हरले.”

“पुढे?”

तरुणाने वाचले, “तिसरा गोल माझ्या चुकीने.”

“खोटी वही लिहिणारा असं लिहील काय रे?” मामांनी विचारले.

तो तरुण हसला नाही. त्याने खिशातून मोबाईल काढला आणि एकेका पानाचे छायाचित्र घ्यायला सुरुवात केली. दिवा त्या बाजूला आहे म्हणून वही जरा फिरवू का, असे त्याने विचारले, तेव्हा कोठे मामांनी वहीवरचा हात उचलला. कमिटीपुढे ठेवतो, म्हणाला. अधिक काही कबूल केले नाही. सगळी पाने झाल्यावर, मागची कॉम्प्टनचीसुद्धा, त्याने वही दोन्ही हातांनी परत दिली.

परतीच्या गाडीत मामा डुलक्या घेत होते. पंचगंगेवर अंधार होता. वळिवड्याच्या बाजूला दुकानांचे दिवे लुकलुकत होते. हातकणंगल्याला उतरलो तेव्हा इचलकरंजीच्या माणसांचा लोंढा आमच्याआधी बाहेर पडला आणि आपापल्या वाहनांत शिरला. फलाटावर आम्ही दोघेच उरलो. मामा एका दिव्याखाली थांबले आणि माझ्याकडे पेन्सिल मागितली. वहीत अण्णांच्या शेवटच्या सामन्याखाली मोकळी जागा होती. तेथे त्यांनी त्या दिवसाची तारीख घातली आणि शाहू स्टेडियमवरच्या सामन्याचा आम्ही निघालो तेव्हाचा आकडा लिहिला. समोर कंसात : ‘शेवटपर्यंत पाहिला नाही.’

हा लेख लिहायला बसलो, त्याच आठवड्यात मामांचा फोन आला. पाटी लागली. अण्णांचे नाव आहे, वरून अकरावे. मी म्हटले, “मामा, अभिनंदन! आता पेढे पाहिजेत.”

“पेढे कसले?” मामा ओरडले. “वडिलांच्या नावाचं अक्षर चुकवलंय त्यांनी. दिवाळी झाली की ये. जन्माचा दाखला घेऊन जायचंय.”